पिकअपमधली वेणी

व्यंकट मुंडकराची नवी डिझेल पिकअप तहानलेल्या बैलानं पाणी प्यावं तसं इंजिन ऑइल प्यायची आणि त्या तेलावर तिच्या आत एक वेणी वाढत होती.

वेणी डाव्या सीटसमोरच्या एसीच्या जाळीतून बाहेर आली होती. आधी नुसतं टोक दिसलं, लाल रिबिनीनं बांधलेलं. मग वीतभर, मग हातभर. लग्नाच्या मंडपाचं सामान देगलूरला उतरवून व्यंकट उदगीरला परत येईस्तोवर ती सीटवर टेकली. तीनपेडी, घट्ट, माका आणि जास्वंदीच्या वासाची. व्यंकटनं वास घेतला, गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि लहान पोरासारखा रडला. बायकोची वेणी होती ती. नवरा ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मंदोदरी जाऊन दोन वर्षं झाली होती. जुन्या टेंपोत ती फाटक्या सीटवर पोत्याची घडी घालून बसायची आणि नवी गाडी आली की मी पुढं बसून तुळजापूरला जाणार, असं येईल त्याला सांगायची. गाडी आली तेव्हा ती नव्हती. गल्लीतल्या सवाशिणींनी पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. सगळं यथासांग झालं, पण तिचा हात काही गाडीला लागला नाही, हे व्यंकटच्या जिवाला लागलं. मग सगळे गेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं आणि तिनं स्वतः कढवलेलं केसांचं तेल, बाटलीच्या तळाशी उरलं होतं तेवढं, इंजिनात ओतलं. असला शहाणपणा करायला माणूस बायकोवेडाच लागतो.

तेव्हापासून ऑइलची पट्टी काढावी तर कोरडी. खाली थेंब नाही, मागं धूर नाही. पारावरची मंडळी म्हणायची, "नवी गाडी आन् इतकी खादाड? इकून टाक की." व्यंकट हसायचा आणि तेलाचा नवा डबा आणायचा. त्याचं गणित सरळ होतं. वेणी दिसते म्हणजे मंदोदरी आत पाठमोरी बसली आहे. तेल घालावं तशी वेणी पुढं येते, म्हणजे तीही जवळ येते. एक दिवस मान दिसेल, मानेवरचा तीळ दिसेल, मग ती वळेल. तिचा चेहरा एकदा बघायचा होता, बाकी त्याला काही नको होतं.

मंडपवाले चिद्रे शेठ एकदा पुढं बसले. त्यांनी वेणी उचलून मांडीवर घेतली.

"वहिनींना म्हणावं, जरा सरकून घ्या," ते म्हणाले आणि पानाची चंची उघडली.

शेवटी वेणी गिअरला अडकायला लागली, तेव्हा व्यंकट गाडी घेऊन वर्कशॉपला गेला. तिथल्या इनामदार साहेबांनी इंजिनाला कान लावला, जाळीत बॅटरी मारली.

"तेल केसांना जातंय," ते म्हणाले.

"मग?"

"केसांना वॉरंटी नाही. इंजिनाला आहे. सोमवारी गाडी लावा, नवीन बसवून देतो. जुनं कंपनी घेऊन जाते."

"जुनं मला ठेवता येतं का?"

"नाही."

घरी आल्यावर व्यंकटनं होता नव्हता तेवढा सगळा डबा ओतला. सोमवारच्या आत मान दिसायला हवी होती. त्याची थोरली बहीण सुंद्राक्का त्याच्याकडंच राहायची. ती दारात कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"येडा हैस का रं व्यंकट? केसं वाढले म्हून डोस्कं जवळ येतंय का?"

व्यंकटच्या हातातला डबा तसाच राहिला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वेणी कितीही लांब झाली तरी मंदोदरी जिथं होती तिथंच होती, आणि सोमवारी तिथूनही जाणार होती. त्यानं केबिनमध्ये चढून वेणी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

"दुखतंय ना," बॉनेटखालून मंदोदरी म्हणाली.

"मंदे, इकडं बघ."

हाक मारल्यावर ती जितेपणीही कधी वळली नव्हती. हातातलं काम आधी, नवरा मागनं. तिला जागचं उठवणारी गोष्ट एकच होती. दिवेलागणीला घरात कुणाचे केस मोकळे दिसले की ती तव्यावरची भाकरी टाकून यायची. लक्ष्मी दारातनं माघारी जाते म्हणायची आणि पाहुणी असो की शेजारीण, तिला खाली बसवून करकचून वेणी घालायची.

रविवारी सांजेला अक्कानं देवापुढं दिवा लावला. अंगणात पिकअपमध्ये बसून व्यंकटनं लाल रिबीन सोडली.

पेड आपोआप उलगडत गेले. केसांनी सीट झाकली, काचा झाकल्या, स्टिअरिंग झाकलं. व्यंकट गळ्यापर्यंत त्यात बुडाला. माक्याच्या वासानं त्याचा जीव भरून आला.

"अरं बांध ते!" बाहेरून अक्का ओरडली. "दिवा लागला की!"

"न्हाई बांधत," तो मोठ्यानं म्हणाला. आत ऐकू जावं म्हणून.

बंद बॉनेटखाली बांगड्या वाजल्या.

व्यंकटनं डोळे जाळीवरून हलवले नाहीत. आता वळेल, आता बघेल. मग केस सरकायला लागले. पलीकडून कुणीतरी ते गोळा करत होतं, फणीचे हिसके देत, तिची पद्धत होती तसंच. स्टिअरिंग मोकळं झालं, काचा मोकळ्या झाल्या. ती वळली नव्हती. तिनं आपले केस पाठीवरनं पुढं ओढून घेतले होते आणि तिकडंच तोंड करून वेणी घालायला घेतली होती.

"मंदे, थांब. मी हितं हाय," तो म्हणाला आणि शेवटची बट त्यानं मुठीत पकडली.

वेणी घालत घालत ती जाळीपर्यंत आली. डावा पेड मधल्यावर पडला, उजवा त्याच्यावर. व्यंकटचं बोट त्यात गुंफलं गेलं, मग दुसरं. वेणी घट्ट होती. अक्कानं दार उघडून त्याचा दंड धरला, पण त्यानं मूठ सोडली नाही. मनगट जाळीतून आत गेलं. आत ऊब होती. पलीकडून एका हातानं त्याची बोटं चाचपली, सारखी केली आणि उजवा पेड त्यांच्यावर टाकला.