गोरक्षाची तीन वावरं

"जो हरंल त्यानं मस्तगडच्या चौकात उभं राहून मेंढरावानी सात बार बें बें करायचं!" रखमाजी म्हणाला.

"अन् तू हरला तर?" शेजारच्या आबारावनं विचारलं.

"मी? मी कधी हरलोय?"

हे बाकी खरं होतं. रखमाजीनं आख्ख्या गल्लीला कैक बार उल्लू बनवलं, पण त्याच्यावर हसायची संधी कुणालाच मिळाली न्हवती. ही शान त्याला जिवापाड प्यारी.

आबारावच्या ओट्यावर खडूनं पाच वावरं आखली. पोरपणी केदारखेड्याला मेंढरं चारताना खडकावर आखायचे, तशीच. ज्याच्या बिया जास्त, वावर त्याचं; ज्याची वावरं जास्त, डाव त्याचा. रखमाजीचे दहा चिंचोके, आबारावच्या दहा सीताफळाच्या बिया, अन् मक्याचे दहा दाणे गोरक्षनाथाचे. तवापासून तिघं खेळायचे. गोरक्ष गेल्या पोळ्याला वारला, पण त्याचे दाणे दोघं आळीपाळीनं टाकायचे. का, ते कुणी कुणाला विचारलं न्हाई.

रखमाजीनं नामी युक्ती काढली. विहीर काढलेल्या वावरात आबाराव पुढं चालला? टाक तिथं गोरक्षाचा दाणा. आबारावनं तांब्या तोंडाला लावला की खिशातले आणखी दोन-तीन हळूच सारायचे. गोरक्षाचे दाणे कोण मोजतंय!

मोजायला गोरक्षाची बायको साखराबाईच आली.

"रखमाजी भावजींचं एक. आबा भावजींचं एक. अन् बाकीची तीन..." ती थांबली. "तीन तर ह्यांचीच की! पण दाणे दहाच होते ना? हे सोळा कसे?"

रखमाजीनं आबारावकडं बघितलं. आबारावच्या मुठीतून मक्याचा एक दाणा टपकन ओट्यावर पडला.

"तू बी?"

"मंग! तू एकलाच हुशार का?"

डाव बाद, म्हणायला रखमाजीनं तोंड उघडलं. एवढं म्हटलं की सुटला असता. पण साखराबाई खाली बसून एकेक दाणा बोटानं सरळ करत होती.

"आयुष्यात एक डाव जिंकले न्हाईत," ती म्हणाली. "घरी येऊन सांगायचे, आज बी म्याच वरडलो."

रखमाजीनं तोंड मिटलं. मंग म्हणाला, "चल आबा. दोघं बी हरलो."

चौकात भाजीची ऐन गर्दी. दोघं रिक्षांच्या मधी उभे राहिले. भाजीवाल्या गोजरबाईनं कोथिंबिरीची जुडी तशीच हातात धरली. "अगं, रखमाजी हरला!" तिनं हाळी दिली अन् आख्खी गल्ली गोळा झाली.

"बें," रखमाजी कसंबसं म्हणाला. लोक खिदळले.

"असं तर आजारी कोकरू बी वरडत न्हाई," साखराबाई मागून म्हणाली. "जोरात, भावजी! त्यांना ऐकू गेलं पाह्यजे."

रखमाजीनं डोळे मिटले, छाती भरून घेतली अन् असा वरडला की पलीकडच्या रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"आता सहा राह्यले," साखराबाई म्हणाली.