भट्टीवरचा काढा

माझ्या थोरल्याला काहीही सांगा, तो अर्धंच ऐकणार. पुढचं अर्धं ऐकायला त्याला कान दिलेलेच नाहीत.

घरामागच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो. आधी पोट दुखायचं, मग हिरड्या काळ्या पडल्या, मग उजवं मनगट लोंबायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शिसं रक्तात गेलंय, भट्टी सोडा. हा म्हणाला, बघू.

त्याची बायको, माझी सून, प्रयोगशाळेत उंदरांना औषधी पाल्याचे अर्क पाजते. तिनंच पाला आणला. म्हणाली, "शिशानं शरीर आतून गंजतं, पाला तो गंज थोडा रोखतो. आमच्या उंदरांना गुण आला, पण त्यांना शिसं देणं बंद केल्यावर." यानं 'गुण आला' एवढंच उचललं. काढा स्वतःच उकळायचा, प्यायचा आणि दुप्पट जोमानं भट्टीवर.

"आई, आता मला चिलखत आहे."

"चिलखतवाल्याला शर्टाची बटणं लावायला आई लागत नाही," मी म्हणायचे, आणि बटणं लावायचे. त्याचा डावा हातही थरथरतो, म्हणून काढ्याचा पेला मीच त्याच्या तोंडाला लावायचे.

परवा रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं वाढलेलं.

"पाला तर मी स्वतः धुऊन देते हो," सून म्हणाली आणि खाली बसली. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. भाजी निवडून झाली होती, तीच पुन्हा निवडत बसले.

आज जेवायला हाक मारली, ओ आली नाही, म्हणून शेडमध्ये गेले. भट्टीच्या काठावर काढ्याचं पातेलं, झाकणाशिवाय.

"इथे उकळतोस?"

"जाळ आहेच की. घरचा गॅस कशाला घालवू?"

काढ्यावर राखाडी साय धरली होती. घरात यायचा तो गाळून. त्यानं ती साय ढवळून आत मिसळली, पेला भरला आणि लहानपणी करायचा तसा तोंडाचा आ केला.

मी पेला जमिनीवर ओतला. पायावर उडालं. गरम असणार, पण मला जाणवलं नाही.

"आता पूर्ण ऐक," मी म्हणाले. "हा काढा नाही, शिशाचा चहा आहे. भट्टी आत्ता विझव. उद्या पेटलेली दिसली, तर तुझी बटणं तू लाव."