सगळ्यांचे पैसे, एकीचे खाते

मित्रांनो, तुमच्या शर्टाच्या पट्टीवर बटण अडकवायला जी चीर असते, तिला काज म्हणतात. चीर म्हटली की वाटते, कात्री मारली की झाले. तसे नसते. नुसत्या कात्रीने कापलेले कापड दोन धुण्यांत उसवते. काज चारी बाजूंनी बांधावे लागते, आणि मी आयुष्यभर तेच करत आले. मी एक जुनी काजाची मशीन आहे. अंगाने बोजड, रंगाने काळी, जागोजागी पोपडे उडालेली.

ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला, तेव्हाच माझी रीत ठरली. आधी टाके घालायचे, ते पक्के झाले की मगच पाते खाली येते आणि मधोमध कापते. आधी शिवायचे, मग कापायचे. साऱ्या जगाची हीच रीत असेल असे मला वाटायचे.

पहिली काही वर्षे मी शर्टांच्या एका कारखान्यात होते. तिथे माझ्यावर एक तरुण बाई बसत. पुढे कारखाना बुडाला. मालकाजवळ थकलेले पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून कामगारांनी जे हाती लागेल ते उचलले. कोणी पंखे नेले, कोणी कापडाचे तागे. बाईंनी मला मागून घेतले. हातगाडीवरून मी त्यांच्या घरी आले, तेव्हा त्यांचे यजमान दारातच उभे होते.

"पगाराच्या जागी लोखंड आणलंस?" ते म्हणाले.

"पगार महिनाअखेरीला संपतो," बाई म्हणाल्या. "हिचं तसं नाही. धरा त्या बाजूनं."

त्या खरे बोलल्या होत्या. त्यांची गल्ली शिंप्यांची. शिवणयंत्र प्रत्येकाकडे होते, पण काजाची मशीन महाग, ती कोणाकडेच नव्हती. मग सगळी गल्ली आमच्या खिडकीशी येऊ लागली. शर्टांची गाठोडी यायची, गाठोड्यावर खडूची खूण असायची. गोल खूण मास्तरांची, फुली दुसऱ्याची, दोन रेघा तिसऱ्याच्या. मास्तर म्हणजे गल्लीतले सर्वांत जुने शिंपी, गळ्यात टेप आणि कपाळावर चष्मा. "मावशी, तुमच्या मशीनला तोड नाही," असे ते आल्यागेल्याला सांगायचे. बाई अशा सगळ्यांच्या मावशी झाल्या, आणि मी सगळ्यांची मशीन झाले. याच खिडकीशी बसून मावशींनी मुलीला वाढवले, तिचे लग्न केले, आणि यजमान गेल्यावर स्वतःलाही सावरले.

त्या गल्लीचा एक नियम होता. पैसे हातात द्यायचे, हातात घ्यायचे, आणि सही मागायची नाही. सही मागणे म्हणजे समोरच्याला चोर म्हणणे. मलाही तो नियम तेव्हा फार सुंदर वाटायचा.

मग एका मोठ्या इस्पितळाचे काम आले. तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे गणवेश. एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते, म्हणून गल्लीने मिळून घेतले. इस्पितळाची अट एवढीच होती की पैसे एकाच बँक खात्यात जमा होतील.

आता खाते कोणाचे, यावर आमच्या खोलीत सभा भरली. एकाचे खाते वापराविना बंद पडले होते. दुसरा म्हणाला, "माझ्या खात्यात आलं की बायकोला कळतं, आणि मग ते माझं राहत नाही." मास्तर म्हणाले, "बँकेत शिरलं की माझी छाती धडधडते. मावशी, तुमच्याच खात्यात येऊ द्या."

"येऊ द्या," मावशी म्हणाल्या. "माझं काय जातंय?"

काय जाते ते पुढे कळले.

दोन वर्षे ते काम चालले. इस्पितळाचे पैसे आले की मावशी ते काढून आणत, माझ्या पाटावर वाटे घालत, आणि ज्याचा त्याला देत. मावशींचा स्वतःचा वाटा काजांपुरता, म्हणजे सगळ्यांत लहान. कोणी सही केली नाही. कोणी मागितली नाही. मावशींच्या मेहनतीचे मात्र सगळ्यांनी कौतुक केले. कौतुकाला काही लागत नाही.

काम संपले, वर्ष उलटले, आणि एके दिवशी आयकर खात्याचे पत्र आले. मावशींनी ते खिडकीच्या उजेडात धरून वाचले, मग पुन्हा वाचले. इस्पितळाने जे जे पैसे पाठवले होते, ते सगळे मावशींचे उत्पन्न धरले होते. त्यावर कर, करावर व्याज, आणि वर दंड. इतकी रक्कम मावशींनी स्वतःची म्हणून कधी पाहिलीही नव्हती.

त्यांनी एका कर सल्लागाराला गाठले. तो भला माणूस होता, घरी येऊन कागद बघून गेला.

"ज्यांना पैसे वाटले, त्यांच्या पावत्या?" त्याने विचारले.

"पावत्या कसल्या? आमच्यात हातावर देतात."

"मग सरकारच्या हिशेबी सगळे गणवेश तुम्ही एकटीनं शिवलेत."

"अहो, मी फक्त काजं करते."

"हे मला पटतंय, मावशी. पण लेखी काय आहे?" तो जरा थांबला. "शिंप्यांकडून लिहून आणा, की अमुक पैसे आम्हाला मिळाले. महिन्याची मुदत आहे. तोवर नाही जमलं तर भरावे लागतील, नाहीतर खातं गोठवतील."

तो निघाला तेव्हा मावशींनी माझ्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "ही बघा, आधी शिवते, मग कापते. हे आयकर खातं आधीच कापून मोकळं झालंय."

त्या गल्लीभर हिंडल्या. मला जाता येत नाही, पण खिडकीतून दिसत होते. एका दारात त्या खूप वेळ उभ्या राहिल्या, दुसऱ्या दारात थोडाच वेळ. एकाने सांगितले, बायकोला विचारतो. दुसऱ्याने गावाला गेल्याचे कळवले, पण त्याच्या घरात दिवा लागलेला होता, तो आतच बसला होता. शेवटी मास्तर स्वतःच आमच्याकडे आले. बसले नाहीत.

"मावशी, मी लिहून दिलं तर ते माझ्यामागे लागतील," ते म्हणाले. "या वयात मला झेपायचं नाही."

"आणि मला झेपेल?"

"तुमचं काय, तुम्ही बोलक्या. चार शब्द बोलाल, समजावून सांगाल."

"मास्तर, पैसे घेताना नाही धडधडली तुमची छाती."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला, आणि निघून गेले. मित्रांनो, त्या दिवशी मला पाते असून उपयोग नाही याचा फार राग आला. याच माणसाच्या हजारो शर्टांना मी काजे केली होती.

मुदत सरत आली. त्या धावपळीत मावशींना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. तेल नाही, पुसणे नाही. माझ्या दात्यांत धूळ आणि धाग्यांचा भुगा साचला, आणि मी टाके सोडू लागले. एक जुनी यंत्रे विकत घेणारा माणूस येऊन मला वाकून बघून गेला. त्याने सांगितलेला भाव कराच्या पासंगालाही पुरला नसता. वर मला विकले तर मावशींनी खायचे काय?

तेव्हा मुलगी आली. "आई, सासूबाईंची एक ठेव आहे," ती म्हणाली. "मी विचारू?"

"विहिणीकडे हात पसरू?" मावशी म्हणाल्या. "त्यापेक्षा मी चार घरची भांडी घासेन."

"भांडी घासून कर भरता येतो का? तारीख परवावर आलीये."

मावशींनी आयकराच्या पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "विचार. पण मान खाली घालून विचारू नकोस. परत करणार आहे मी."

विहीणबाई दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. खुर्ची पुसून बसल्या. पैसे पिशवीतून काढून माझ्या पाटावर ठेवले.

"व्याजबीज नको हो मला," त्या म्हणाल्या. "घरातलंच आहे. तशी ठेव मोडली की नुकसान होतं, पण आपल्या माणसासाठी मोडायची नाही तर कोणासाठी?"

कर भरला गेला. खाते सुटले, पण मावशी अडकल्या. व्याज न लावता विहीणबाईंनी व्याजापेक्षा महागडे काही वसूल करायला सुरुवात केली. "मी ठेव मोडली हो," हे त्यांनी नातेवाइकांत सांगितले, शेजारी सांगितले, भाजी घेताना सांगितले. सासरी मुलीने दुधाचा एक कप जास्त घेतला तरी ठेव निघायची. आमच्याकडे आल्या की चार झगे टाकून जायच्या, "जरा आत घ्या, आपलीच तर मशीन आहे." मी काजाची मशीन, झगे आत घेणे माझे काम नाही. ते मावशी हाताने उसवून हाताने शिवत बसायच्या.

त्याच सुमारास मास्तर गाठोडे घेऊन आले, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. मावशींनी मला साफ केले, तेल घातले, आणि माझ्याशेजारी नवे पावतीपुस्तक ठेवले.

"आधी सही," त्या म्हणाल्या. "किती शर्ट, किती पैसे, कोणाचे. मग काजं."

"इतक्या वर्षांनी सही?" मास्तरांचा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"होता. त्याचा कर भरला मी."

मास्तर रागाने गाठोडे घेऊन गेले. बाजारातल्या मोठ्या दुकानातून काजे करून घेतली. तिथल्या मशीनने टाके इतके विरळ घातले की निम्मे शर्ट परत आले. मग मास्तर पुन्हा आले आणि मुकाट्याने सही केली. जुन्या पैशांबद्दल मात्र त्यांनी शेवटपर्यंत काही लिहून दिले नाही. मित्रांनो, मला वाटले होते, मास्तरांना लाज वाटेल, सगळे येतील, थोडे थोडे पैसे गोळा होतील. तसे काही झाले नाही. जे मिळाले ते एवढेच, की पुढच्या कामापासून सगळे सही करू लागले.

मग मावशींनी जास्तीची कामे घेतली. माझी मोटर तापायची, त्या मला थांबवायच्या, फुंकर घालायच्या, पुन्हा चालू करायच्या. पहिला हप्ता जमला तेव्हा त्यांनी विहीणबाईंना बोलावले. मुलगीही आली. मावशींनी पैसे पाटावर ठेवले, आणि विहीणबाईंचा हात पुढे येताच पावतीपुस्तक पुढे केले.

"सही करा, विहीणबाई."

"अगंबाई. आपल्यात सही कसली?"

"आपल्यातच लागते. परक्यात कोणी इतकं विसरत नाही." मावशींनी पेन त्यांच्या हातात दिले. "खाली बाकी किती ते लिहिलंय. ती फिटली की ठेव पुरी झाली. मग ती कुठे काढायची नाही. माझ्यासमोर नाही, आणि हिच्या दुधाच्या कपावर तर मुळीच नाही."

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. विहीणबाईंनी मावशींकडे पाहिले, आकड्याकडे पाहिले, आणि सही केली. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत दोन झगे होते. ते त्यांनी बाहेर काढले नाहीत.

मित्रांनो, बाकी अजून बरीच आहे. माझे पाते झिजले आहे, आणि हप्ते संपेपर्यंत मी टिकेन की नाही हे मला सांगता येत नाही. पण एक मागणे आहे. माझ्यासारख्या जुन्या मशीनला वेळेवर तेल घाला, ती तुम्हाला दगा देणार नाही. आणि ज्या माणसाच्या नावावर तुम्ही तुमचे ओझे ठेवता, त्याला घेतलेल्याची खूण लिहून द्या. त्याच्या दारी पत्र येईल तेव्हा दिवा लावून घरात लपू नका. त्याच्या खिडकीशी जाऊन उभे राहा.