नावाच्या जागी भोक

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. लोक मला बायबल म्हणतात. माझ्या पहिल्याच पानाला भोक आहे. वाळवीचं नव्हे, वाळवीला निदान पोट असतं, तिला मी माफ केलं असतं. हे भोक एका बापाने पाडलं, चांगला शुद्धीत, चष्मा लावून.

छापखान्यात माझी पानं शिवली गेली, वर काळं कातडं चढलं आणि लग्नाची भेट म्हणून मी एका पेंटरच्या घरी आलो. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की पाटी बघून लोक उगाचच दुकानात शिरत. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर त्याने स्वतःचं आणि बायकोचं नाव लिहिलं, लग्नाची तारीख घातली. पान उलटलं की मागे मुलांची नावं. आधी मुलाचं, मग मुलीचं.

मुलगा चार वर्षांचा होऊन तापाने गेला आणि त्याच आठवड्यात मुलगी जन्मली. पेंटरने तिचं जे नाव ठेवलं, त्याचा अर्थ होता दुःख. ते नाव मी सांगणार नाही. जिने ते टाकून दिलं, तिच्यामागे पुन्हा कशाला लावू?

तसे ते माझे मानाचे दिवस. रविवारी पेंटर मला काखेत घेऊन चर्चमधल्या मुलांचा वर्ग घ्यायचा. त्याचा लाडका धडा एकच, नावं बदलल्याचा. अब्रामाचा अब्राहाम झाला, कारण देवाला त्याला पुष्कळांचा बाप करायचं होतं. जन्मताना भावाची टाच धरणारा याकोब देवाशी झुंजून इस्राएल झाला. भित्र्या शिमोनाला पेत्र म्हटलं, म्हणजे खडक. "आज आहात त्या नावाने नाही, उद्या होणार आहात त्या नावाने देव हाक मारतो," असं पेंटर सांगायचा. मुलं भान हरपून ऐकत. त्याची मुलगी सगळ्यात पुढे.

एका रविवारी तिने हात वर केला. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"बाबा, याकोबाची बायको राहेल मरताना बाळाला बेनओनी म्हणाली. माझ्या दुःखाचा मुलगा. मग त्याच्या बाबांनी ते बदलून बन्यामीन केलं ना?"

"हो. उजव्या हाताचा मुलगा."

"मग तुम्ही माझं कधी बदलणार?"

वर्ग खदखदून हसला. पेंटरने मला फाटकन मिटलं. "शास्त्राची थट्टा करायची नाही!"

थट्टा कसली, डोंबलाची! पोरगी जीव तोडून विचारत होती. पण त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

मोठी होऊन ती इस्पितळात नर्स झाली आणि पहिल्याच वर्षी सरकारी कचेरीत जाऊन नाव बदलून आली. नव्या नावाचा अर्थ पहाट. आईने त्याच दिवसापासून ते तोंडी बसवलं. पेंटरचा मात्र तिळपापड झाला.

"मी ठेवलेलं नाव तुला जड झालं?"

"दादा गेला त्यात माझा काय दोष होता, बाबा? तुमचं दुःख मी जन्मभर का मिरवायचं?"

"नाव बदलणारा देव असतो. तू कोण लागून गेलीस?"

"बन्यामीनचं नाव देवाने नाही, बापाने बदललं होतं."

खरंच आहे ते. माझ्या पोटातलं मला माहीत नाही का? पेंटरने ब्लेड उचललं. पत्र्याच्या पाटीवरचं जुनं नाव तो असंच खरवडून काढायचा. पण मी पत्रा नव्हे; पानाला आरपार भोक पडलं. मुलीचं नाव गेलं आणि पानाच्या पुढच्या बाजूला नेमकं त्याच जागी बायकोचं नाव होतं, तेही गेलं.

आईने पान उलटसुलट करून पाहिलं. "मलाही काढलंत. बरं झालं," ती म्हणाली. मुलगी त्याच दुपारी घर सोडून गेली. पेंटरने वर्ग बंद केला आणि मला कपाटाच्या माथ्यावर टाकलं. अकरा वर्षं मी तिथे धूळ खात पडलो. माझ्याकडे बघायची त्याची छाती नव्हती.

गेल्या महिन्यात आई वारली. मुलगी आली. माती देऊन सगळे परतल्यावर पेंटरने मला खाली काढलं, पुसलं, टाक शाईत बुडवला. बायकोच्या नावापुढे ती गेल्याची तारीख लिहायची होती. पान उघडलं, तर बायकोच्या नावाच्या जागी भोक. नावच नाही, तर तारीख कुणापुढे लिहिणार?

मग त्याने मुलीकडे पाहिलं. "तुझं नाव... नवं नाव कसं लिहितेस ते सांग. पहिलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?" आयुष्यभर लोकांची नावं रंगवलेल्या माणसाला आपल्या मुलीचं नाव लिहिता येत नव्हतं.

मुलीने त्याच्या हातातला टाक काढून घेतला, पुसून बाजूला ठेवला. "कुठे लिहिणार, बाबा?" एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

मित्रांनो, मला उघडा किंवा नका उघडू, मला आता त्याचं काही नाही. पण तुमच्या घरात कुणी नकोसं नाव वाहत असेल आणि हात वर करून विचारत असेल, तर त्याला हसू नका. तेव्हाच बदलून द्या. मागून पश्चात्ताप होतो, पण पान नवं मिळत नाही.