घुसली म्हणजे नेमकं काय केलं?

कचेरीसमोरच्या फुटपाथवर माझं टेबल आहे, त्यावर टाइपरायटर, आणि गेली सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहिते. माझ्याइतका चोख अर्ज टेबलांच्या या ओळीत कुणी लिहीत नाही. हे मी नाही म्हणत, शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले काका म्हणतात, आणि ते स्वतः अर्जच लिहितात.

त्या दिवशी एक माणूस आला आणि खुर्चीत नीट टेकायच्या आत म्हणाला, "लिहा, घुसखोरी."

"आधी बसा तरी. कोण घुसलं?"

"वहिनी. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. आई गेल्या महिन्यात गेली. घर आईच्या नावावर, म्हणजे आता माझं. आणि ही बया कुलूप तोडून आत घुसून बसलीये. चौकीतले साहेब म्हणाले, अर्जावर 'घुसखोरी' लिहून आणा, संध्याकाळच्या आत बाहेर काढतो."

साहेबांचं मला नवीन नाही. 'घरगुती वाद' लिहिलं की म्हणतात कोर्टात जा. 'घुसखोरी' लिहिलं की लगेच जीप निघते. म्हणजे त्या बाईने आज रात्री कुठे झोपायचं, ते माझ्या बोटांवर होतं.

हा शब्द मी एकदा डोळे झाकून टाइप केलाय. घरमालक सभ्य दिसला, मी लिहून मोकळी झाले. ज्याला बाहेर काढलं तो म्हातारा तिथं एकोणीस वर्षं भाड्याने राहत होता, आणि त्याची हृदयाची औषधं आतच राहिली. मला त्याची अजून लाज वाटते. तेव्हापासून हा शब्द मागायला कुणी आलं की मी आधी तीन गोष्टी विचारते. दार कुणाचं? 'येऊ नको' कुणी म्हटलं? आणि आत आधीपासून कोण होतं? पाहुणा येतो, मांजर शिरतं. घुसतो तो, ज्याला नको म्हटलेलं असतं. ही उत्तरं जुळली नाहीत तर दुसरा शब्द शोधायचा. भाषेत शब्दांना काय तोटा आहे?

"कुलूप कुणी लावलेलं?" मी विचारलं.

"मीच. परवा, ती बाजारात गेली तेव्हा."

"आत सामान कुणाचं?"

"तिचंच. कपडे, भांडी, शिलाई मशीन. बाई, तुम्ही अर्ज लिहिता की उलटतपासणी घेता?"

"दोन्ही. तिथं राहते कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. अठरा वर्षं असतील."

"आणि तुम्ही?"

"मी अकरा वर्षांपूर्वी घर सोडलं. भांडण झालं होतं." त्याने रुमालाने मान पुसली. "आई गेल्याचं कळलं तेव्हा आलो."

"आलात तेव्हा दार कुणी उघडलं?"

"वहिनीने."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार! 'या भाऊजी' म्हणाली. आता लिहा ना, उशीर होतोय."

लिहिलं. भाषा कचेरीची केली, पण त्याचं म्हणणं बदललं नाही, पदरचं काही घातलं नाही. कागद काढला आणि उभी राहिले. आमच्या ओळीचा रिवाजच आहे: अर्ज मोठ्याने वाचल्याशिवाय सही घ्यायची नाही. पुष्कळ लोकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते नीट वाचत नाहीत. त्यामुळे बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना सगळ्यांचे अर्ज ऐकू येतात. प्रत्येक ओळीनंतर अर्जदाराने 'बरोबर' म्हणायचं.

"सदर महिला सदर घरात अठरा वर्षे राहत आहे. बरोबर?"

"बरोबर."

"अर्जदार अकरा वर्षांनी आला असता सदर महिलेने दार उघडून 'या भाऊजी' म्हणून त्यास आत घेतले. बरोबर?"

"हं."

"हं नाही, बरोबर म्हणा."

"बरोबर." आवाज खाली गेला होता. बाकड्यावरची एक आजी पुढे वाकून ऐकायला लागली.

"सदर महिला बाजारात गेली असता अर्जदाराने तिच्या सामानासह घरास कुलूप लावले. बरोबर?"

त्याने पुन्हा रुमाल काढून मान पुसली.

"आता शेवटची ओळ. 'तरी सदर घरात' आणि पुढे जागा सोडलीये, 'यांनी घुसखोरी केली आहे.' नाव तुम्ही सांगा, मी टाइप करते. तुमच्या तोंडून येईल तेच."

"तुम्ही फार आगाऊ आहात."

"आहेच. नाव सांगा."

त्याने काकांच्या टेबलाकडे बघितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "माझ्याकडे आलात तर मीही जागा सोडीन हो." मला हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण त्या माणसाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं होतं.

"आई शेवटचे आठ दिवस हाका मारत होती," तो म्हणाला. "शेजाऱ्यांनी सांगितलं. मला वाटलं, मलाच हाक मारत असेल. तर नाही. वहिनीला. सारखं तिचंच नाव. मी मुलगा ना हो तिचा?"

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण कागदाची घडी करून मी त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, "हे दुःख चौकीत नेऊ नका. तिथं याला कलम नाही. तिच्याशी बोला."

त्याने ती घडी उलटसुलट केली. मग त्याने फोन काढून लावला.

"वहिनी, मी बोलतोय. येऊ का?"

त्याच्या फोनमधून मला स्पष्ट ऐकू आलं, "आज नको, भाऊजी."

आता तो भडकणार, असं वाटून मी कागद हाताखाली ओढून घेतला.

"बरं," तो म्हणाला. "उद्या विचारतो."