रोळीखालची कढई

मित्रांनो, मी सांगलीजवळच्या एका घरातली जुनी लोखंडी कढई आहे आणि मला रोळीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही वाकडे बोलले तर तुम्ही समजून घ्याल. रोळी म्हणजे बांबूच्या कामट्यांची ती पसरट टोपली, जिच्यात भाज्या धुतात. अंगभर नुसती भोके. जिच्यात घोटभर पाणी ठरत नाही, तिचा हेवा करायची वेळ माझ्यावर यावी!

माझा जन्म आटपाडीच्या बाजारातला. रस्त्याच्या कडेला एका घिसाडी कुटुंबाने पाल ठोकले होते. नवरा लालभडक लोखंड सांडशीत धरून फिरवत होता आणि बायको घण घालत होती. तिचे तान्हे मूल शेजारच्या झोळीत निजले होते. एवढ्या दणदणाटातही ते जागे होत नव्हते. त्या बाईच्या हातांनी मला खोली आली, गोलाई आली, धरायला दोन कान आले.

बैल बघायला आलेला रामगोंडा आणि त्याची नवी नवरी चंदनबाला माझ्यापुढे थांबली. चंदनबालाने मला उचलले, पालथे केले आणि बोटाच्या पेराने ठोकले. मी खणखणले.

"वाजतीया झ्याक. हीच घ्या," ती म्हणाली.

"कढई तळाय घ्यायची का वाजवाय?" रामगोंडा हसला.

"चीर असली तर वाजत न्हाई, आवं. बाईमाणसाला इचारत जावा."

माझ्या आवाजाची झालेली ही पहिली स्तुती. मी ती अजून विसरले नाही.

कृष्णाकाठच्या त्या जैन घरात मी आले आणि राणीसारखी राहिले. दिवाळीची शेव, चकली, करंज्या माझ्यात. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा असली की त्या दिवशीच्या पुऱ्या माझ्यात. गल्लीत कुणाचे लग्न ठरले की बायका चंदनबालाकडे यायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, तुमची कढई द्या. तिच्यात पुरी कशी फुगतीया बघा!" दोघीजणी मला दोन कानांना धरून न्यायच्या. पुरी टम्म फुगली की सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत. रोळी तेव्हा मागच्या दाराजवळ खिळ्याला असायची. भाजी धुवायची, पाणी झटकायचे, की पुन्हा खिळा. तिच्याकडे कोण बघणार?

पुढे चंदनबालाचा मुलगा पारस मोठा झाला आणि त्रिशला सून होऊन आली. ती शांत, कामाला वाघीण. माझ्यातून झारा फिरवताना तेलाचा एक थेंब बाहेर पडू द्यायची नाही. तिला एकच भीती होती. तिच्या आईला साखरेचा आजार होता आणि त्या साखरेने आईचे दोन्ही डोळे नेले होते. माहेरी गेली की त्रिशला आईला हाताला धरून अंगणात आणायची. परत आली की दोन दिवस गप्प असायची.

गेल्या दिवाळीनंतर गावात बायकांसाठी तपासणी झाली. त्रिशलाच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले, "आजार अजून लागलेला नाही, पण तुम्ही काठावर उभ्या आहात. इथून मागे फिरता येतं. ताटात अर्धी जागा भाजीला द्या, रोज उसळ-आमटी खा, तळलेलं आणि भात कमी करा, चालायला जा. तीन महिन्यांनी परत बघू."

घरी येताच पारसने मला चुलीवरून उतरवले. "आता ही नको," तो म्हणाला.

मित्रांनो, इतक्या वर्षांची चाकरी आणि तीन शब्दांत निकाल! मला घासले, पुसले आणि मागच्या दाराजवळ नेऊन टांगले. कुठे? तर बरोबर रोळीच्या खाली.

त्या दिवसापासून तिचा थाट सुरू झाला. सकाळी मेथी, संध्याकाळी चाकवत. कधी अंबाडी, कधी शेपू, कधी गवार नाहीतर घेवडा. मळ्यातून येईल ते आधी तिच्या मांडीवर. हिरव्या जुडीने भरली की ती अशी मिरवायची, जणू गौरीच बसली आहे! आणि काम झाले की माझ्या वरच्या खिळ्याला. मग टप, टप, टप. तिचे पाणी माझ्या अंगावर. लोखंडाला पाण्याचे किती भय असते हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या कानाशी तांबूस गंज दिसू लागला. तिच्याकडे मात्र कुणी रागाने बघत नव्हते.

सगळ्यात वाईट म्हणजे स्वयंपाकघराबाहेरून येणारी स्तुती. जन्मभर पालेभाजीला नाक मुरडणारा रामगोंडा आता ताटावरून ओरडायचा, "सूनबाई, चाकवत लय भारी झालंय! आणा की अजून."

पारस म्हणायचा, "मलाबी वाढ."

पारसची मुलगी ब्राह्मी शाळेतून यायची तीच भाजीचे झाकण उघडत. मी खिळ्यावर जळायची. पुरी फुगल्यावर हेच लोक असेच ओरडायचे की!

एक गोष्ट मात्र मला दिसत होती, कारण मला तिथून सगळेच दिसायचे. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे. दिवस बुडाला की तोंडात काही घालायचे नाही. रामगोंडा, पारस, ब्राह्मी आणि चंदनबाला आधी बसायची. त्रिशला गरम भाकऱ्या थापायची, वाढायची, पुन्हा थापायची. सगळे उठेपर्यंत मागच्या भिंतीवरचे ऊन पार वर चढलेले असायचे. मग ती घाईघाईने पातेल्यात बघायची. भाजीचा तळ दिसत असायचा. नव्याने काही करायला वेळ नसायचा. ती भात घ्यायची, त्यावर लोणच्याचा खार, आणि डब्यातली मूठभर शेव. ती शेव मीच तळलेली. पाहुण्यांसाठी म्हणून अधूनमधून मला खाली काढत तेव्हाची. चार घास गिळून ती पाणी प्यायची आणि ऊन जायचे.

मला बरे वाटायचे. मी मनाशी म्हणायची, मिरव गं रोळी, किती मिरवायचे ते. ज्या बाईसाठी तुझा एवढा थाट, ती शेवटी माझ्याकडेच येते.

तीन महिने झाले. पारस सांगलीहून कागद घेऊन आला आणि ओट्यापाशी उभा राहिला. साखर कमी झाली नव्हती. उलट थोडी वर गेली होती.

 त्रिशलाने परातीतले पीठ तसेच ठेवले आणि डोळ्यांवर हात धरला. थोडा वेळ ती तशीच उभी होती, आंधळ्या माणसासारखी. मग हात काढला आणि पुन्हा पीठ मळू लागली.

"रोज एवढा पाला खाऊन काय उपेग?" रामगोंडा म्हणाला. "नशिबात आसल ते हुतंय. काढा ती कढई. उद्या पुऱ्या करा."

मित्रांनो, किती दिवसांनी मी खाली उतरले! चंदनबालाने राखेने आणि चिंचेने मला घासले, गंज काढला. रोळी वर खिळ्यावर कोरडी ठणठणीत लटकत होती. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

त्या संध्याकाळी चंदनबालाला बस्तीतून यायला उशीर झाला. बाप्ये जेवून उठले होते. गुडघे धरत ती आत आली आणि त्रिशलाजवळ बसली.

"वाढ गं. दोघी बसू. भाजी घे."

"भाजी संपली की, आत्ती."

"आगं, पातेलंभर हुती!"

"मामांनी तीनदा घेतली. ब्राह्मीला आवडतीया."

"मग तू कशासंगं खाणार?"

त्रिशलाने शेवेचा डबा पुढे ओढला. चंदनबाला डब्याकडे बघत राहिली.

"रोज असंच हाय?"

त्रिशला खाली बघून भात कालवत होती.

"बोल की गं. तीन म्हैनं ह्या घरात भाजी कुणी खाल्ली?"

"सगळ्यांनी," त्रिशला हळूच म्हणाली.

चंदनबालाने कपाळाला हात लावला. "माझ्या बी ध्यानात आलं न्हाई. तू यायच्या आदी माझं बी आयुष्य असंच ग्येलं. बीपीची गोळी फुकट न्हाई लागली." आणि मग बाहेर तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "आवं, ऐकलं का? सुनंच्या नावानं पाला शिजला आन तुमी बापलेकांनी चरला!"



दुसऱ्या दिवशी पुऱ्या झाल्या नाहीत आणि मी पुन्हा खिळ्यावर गेले. रोळी पुन्हा भरली. त्रिशलाला सगळ्यांबरोबर बस म्हटले, तर ती म्हणाली, "भाकऱ्या कोण थापणार?" तेव्हा चंदनबालाने नवी रीत काढली. भाजी शिजली की पहिले ताट त्रिशलाचे. अर्ध्या ताटात भाजी, वाटीत मटकीची उसळ, एक भाकरी. वर स्टीलचे ताट झाकायचे.

"आता बायका आधी व्हय?" रामगोंडा म्हणाला.

"आधी जेवायचं न्हाई, आधी फकस्त वाढायचं. मिशीला पीळ देऊ नगा, तुमचं कमी पडत न्हाई."

पण त्रिशलाची सवय जाते कुठे? पारसने भाजी मागितली की ती हळूच झाकण सरकवायची आणि स्वतःच्या ताटातली वाटी भरून बाहेर न्यायची. दोन संध्याकाळी असेच झाले. तिसऱ्या संध्याकाळी चंदनबालाने रिकामे ताट पाहिले.  तिने मागच्या दाराजवळ येऊन मला खिळ्यावरून काढले, लख्ख पुसले, पातेल्यात उरलेली मेथी त्रिशलाच्या ताटात वाढली आणि मला त्यावर पालथे घातले.

"आता उचलून दाखव," ती म्हणाली. "हिचा आवाज मला बस्तीत बी ऐकू यील." आणि ती बाहेर जेवायला बसली.

मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. ज्या पोटात पुऱ्या फुगल्या, त्याच पोटाखाली रोळीतली मेथी! वरून माझी काळी पाठ साऱ्या घराला दिसत होती. त्या वाफेने मला गुदमरायला झाले. मी मनात म्हटले, एवढा अपमान कुठल्या कढईचा झाला नसेल.

तेवढ्यात बाहेरून पारस ओरडला, "मेथी हाय का गं अजून? आजच्यासारखी कवाच झाली न्हाई!"

बाहेर पाहुणा होता, पारसचा दोस्त भाऊसो. तो म्हणाला, "वैनी, मलाबी चाखवा की."

त्रिशला माझ्याजवळ आली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या कानाला हात घातला.

मला एकच दिसले. ही मेथी आता बाहेर जाणार. पुन्हा सगळे वाहवा म्हणणार. पुन्हा रोळीचे कौतुक. आणि मी इथे पालथी! माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. त्रिशलाने मला जरा उचलले मात्र, मी शहाबादी फरशीवर अशी घसरले आणि अशी खणखणले, की आटपाडीच्या बाजारात त्या घिसाडणीने शेवटचा घण घातला तेव्हासुद्धा इतकी वाजले नव्हते.

"कोन हाय गं कढईपाशी?" बाहेरून चंदनबाला गरजली.

त्रिशलाने हात मागे घेतला.  मग पारस आत आला. त्याने माझ्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. "भाजी संपली म्हण की सरळ," तो ओशाळून म्हणाला. "भाऊसोला लोणचं दे. आन तू बस. ऊन चाललंय. उरलेल्या दोन भाकऱ्या मी भाजतो."

"तुमाला येत्यात?"

"करपल्या तर मी खातो की."

त्याने मला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवले. त्रिशला बसली. भिंतीवर ऊन अजून हातभर होते. तिने मेथीचा पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. त्या घरात तिला सावकाश चावताना मी पहिल्यांदाच पाहिले.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी पालथी होते. चंदनबालानेही स्वतःचे ताट त्रिशलाच्या शेजारी आणले. दोघी रोज मळ्याच्या बांधापर्यंत चालून येतात. रामगोंडाने भाजीचे दोन वाफे वाढवले, कारण आता त्याला पोटभर मिळत नाही अशी त्याची तक्रार आहे. पुढच्या तपासणीला साखर खाली आलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काठावरून मागे आलात. पण हे सोडलंत तर काठ जागेवरच आहे." त्या दिवशी त्रिशलाने माहेरी फोन केला आणि आईला सांगितले. 

घरात सगळे म्हणाले, भाज्यांनी केले. रोळीला पुन्हा मान! पुढच्या सणाला तिला हळदकुंकू लागले. माझे नाव कुणी घेतले नाही. आवाज केला कुणी, विचारा! ती अजूनही माझ्या अंगावर टपटप गळते आणि मी अजूनही तिच्यावर जळते. फक्त आता गंज दिसला की त्रिशला लगेच कोरड्या फडक्याने मला पुसते. एवढे एक सुख आहे.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. दिवाळीला मला खाली काढा, चार करंज्या तळा, मी नाही म्हणत नाही. पण एरवी जेवून उठताना भाजीच्या पातेल्यात एकदा वाकून बघा. तळ दिसत असेल आणि तुमची आई अजून जेवली नसेल, तर उद्यापासून तिचे ताट आधी वाढा आणि घरातली सगळ्यात जड कढई त्यावर पालथी घाला. घेण्याआधी पेराने ठोकून बघा. जिचा आवाज मोठा, तीच घ्या.