साहेबांची कोळंबी

“डब्यातली कोळंबी कुठे गेली?”

नवरा माशाच्या टाकीला नाक लावून बसला होता. वळूनही न बघता तो म्हणाला, “साहेबांना दिली. काल दाणे तोंडात घेऊन थुंकून टाकले त्यांनी. कंटाळलेत.”

मावशी फ्रीजचं दार धरून तशीच उभी राहिली. डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला होता. लग्नाला तीस वर्षं होत आली, या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता. आज साहेबांची सेवा म्हणून डबासुद्धा घासला. तिचं डोकं तिथेच फिरलं.

साहेब म्हणजे टाकीतला मासा. पंजाएवढा, काळपट, अंगावर विस्तवासारखे नारिंगी पट्टे. दुकानदाराच्या भाषेत सिक्लिड. नवरा वीज कंपनीतून निवृत्त झाला तेव्हा हा घरात नुसता बसून आईचं डोकं खाईल, या धास्तीने मुलीने तो आणून दिला होता. नोकरीभर साहेबांपुढे मान तुकवूनही याची हौस फिटली नव्हती, म्हणून माशाचंच नाव त्याने साहेब ठेवलं. एकच खाणं रोज दिलं तर या माशांचा रंग उतरतो, पोट बिघडतं, असं दुकानदार एकदा बोलून गेला आणि झालं, घरात साहेबांची सरबराई सुरू झाली. दुकानातले माशांचे दाणे, कुंडीतली गांडुळं, साल काढून उकडलेले वाटाणे, मध्येच पालक. काल काय दिलं ते आठवून आज वेगळं. आठवड्यातून एक दिवस उपास, तोही साहेबांच्या पोटाला आराम म्हणून.

मावशीचा जन्म दुसऱ्यांच्या ताटांत गेला होता. ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मावशी हे नाव तिथलंच. याला मीठ नको, त्याला साखर नको, तिसऱ्याला नुसतं पातळ, सगळ्यांची पथ्यं तिला तोंडपाठ. स्वतः मात्र पातेल्याच्या तळाशी उरेल ते उभ्या उभ्या खायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या नाजूक पोटाला झेपेल तेच रांधायची. नवऱ्याला कोळंबी बाधते, म्हणून लग्नापासून ती घरात शिजली नव्हती. काल कामावरून येताना बाजारात ताजी कोळंबी दिसली आणि तिला खावीशी वाटली, म्हणून घेऊन तिने डब्यात ठेवली. एवढंच. पण असं काही खावंसं वाटायला तिला किती वर्षं लागली होती, ते तिचं तिला ठाऊक. आज संध्याकाळी एकटीपुरती करायची, या विचारात दिवसभर तिचा हात भरभर चालला होता.

“अगं, उद्या अर्धा किलो आणून देतो,” नवरा म्हणाला. “त्यात काय एवढं?”

तिने फ्रीजचं दार आपटलं नाही, हळूच लावलं. मग टाकीपाशी येऊन विचारलं, साहेबांना काय काय आवडतं. नवऱ्याला वाटलं, राग निवळला. तो खुलला. गांडूळ म्हणजे जीव की प्राण, वाटाणे मूड असेल तर, पालक पुढे केला की तोंड फिरवतात, कोळंबी मात्र शेपटीकडून बारीक कापून द्यावी लागते. तो भडाभडा सांगत सुटला.

“आणि मला?”

“तुला काय?”

“मला काय आवडतं?”

नवऱ्याने छताकडे पाहिलं, मग टाकीकडे. तिथून उत्तर येण्यासारखं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “तू कधी सांगतेस का काही? तुला तर काहीही चालतं.”

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती हेच म्हणाली होती. मग नवऱ्याला, मुलीला, आल्यागेल्याला. लाज म्हणून, सोय म्हणून, वाद नको म्हणून. चालतं म्हणजे आवडतं नव्हे, हे एवढ्या वर्षांत घरातल्या एकालाही कळू नये? माशाने एकदा दाणे थुंकले आणि त्याच्यापुढे कोळंबी आली. ती मेली गिळत राहिली.

“मी बाहेर जेवायला जातेय,” ती म्हणाली. “तुम्ही साहेबांचे वाटाणे खा. उकडून ठेवलेत. पचायला हलके असतात.”

“मग साहेबांना काय?”

त्याच्या तोंडून ते निघून गेलं. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

चौकातल्या हॉटेलात ती पंख्याखाली एकटीच बसली. एरवी कोणी ना कोणी सोबत असे, ते मागवतील त्यातलं ती घेई. रागाने कान अजून तापलेले होते. कोळंबीवरचं मन उडालं होतं. साहेबांच्या पोटात गेलेली चीज ती आता मागणार नव्हती. दुसरं काहीतरी, मनाला येईल ते, असं वाटभर स्वतःला बजावत ती आली होती. वेटरने टेबलावर फडकं मारलं, काय काय आहे ते एका दमात म्हणून दाखवलं आणि विचारलं, “काय आणू?”

मावशीने आठवून पाहिलं. नवऱ्याचं आठवलं, मुलीचं आठवलं, कालच आलेल्या रुग्णाचंसुद्धा आठवलं. स्वतःचं काही आठवेना. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संताप आला.

“आमच्याकडचं सगळे मागवतात तेच आणू का?” वेटरने समजूतदारपणे विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “पुन्हा सांगा. सावकाश सांगा.”

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरची माणसं खोळंबली होती. खोळंबू देत, असं मनाशी म्हणत ती एकेक नाव तोंडात घोळवून पाहू लागली.